विजेची वर्दी देणारा फोन

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे नागपूर–रायपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या ही या मुलखाची ओळख. येथील कृषी संशोधन केंद्रात निघालेल्या ‘साकोली-६’ सारख्या धानाच्या वाणांमुळे गावाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसले आहे. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस विदर्भात पोचतो, पऱ्हे टाकले जातात, आणि जुलैमध्ये रोवणीची लगबग सुरू होते. गुडघ्याएवढ्या चिखलात बायामाणसे ओळीने वाकून रोवणी करीत असतात. पाऊस आला तरी काम थांबत नाही, कारण पाऊस तर हवाच असतो.

परंतु याच दिवसांत पावसाबरोबर वीजही येते. सपाट बांधीत उभा असलेला माणूस हा आसपासचा सर्वांत उंच पदार्थ ठरतो. पाऊस वाढला की लोक बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली धाव घेतात आणि नेमके तेच झाड विजेच्या वाटेत येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. यांतील कितीतरी मृत्यू शेतात काम करताना झालेले असतात. अर्ध्या तासाची पूर्वसूचना मिळाली असती, तर यांपैकी अनेकजण पक्क्या छपराखाली पोचले असते.

अशी पूर्वसूचना देणारे एक साधन आज बहुतेक घरांत आहे. ते म्हणजे स्मार्टफोन. त्यात ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप घातले, म्हणजे आपल्या जागेभोवती कोठे विजा पडत आहेत हे नकाशावर दिसते आणि धोका जवळ आल्यास फोन वर्दी देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने हे अ‍ॅप तयार करविले असून ते विनामूल्य आहे. ही संस्था १९६२ साली स्थापन झाली.

आता तुम्ही विचाराल, “तळहाताएवढ्या फोनला वीस-तीस किलोमीटरवरची वीज कळते तरी कशी?” खरे सांगायचे तर फोनला ती कळतच नाही! ती कळते दुसऱ्याच कोणाला तरी. फोन केवळ निरोप पोचवितो. हा ‘दुसरा कोणी’ कोण, हे समजले की फोनवर केव्हा विश्वास ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, हेही आपोआप समजेल.

कान आणि घड्याळ

प्रथम फोन बाजूला ठेवू या. वीज किती दूर आहे हे मोजण्याचे सर्वांत जुने साधन आपल्यापाशीच आहे. ते म्हणजे डोळे, कान आणि एक घड्याळ.

आकाशातील वीज म्हणजे ढग आणि जमीन, किंवा ढगाचेच दोन भाग, यांच्यामध्ये वाहणारा प्रचंड विद्युत्प्रवाह होय. घरातील १,००० वॅटच्या इस्त्रीतून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो. जमिनीवर पडणाऱ्या विजेतील प्रवाह सहज ३०,००० अँपिअरपर्यंत जातो. तो क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात त्याच्या वाटेतील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश आहे, हे लक्षात घ्या. एवढी तापलेली हवा स्फोटासारखी फाकते आणि तिचा धक्का आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो.

प्रकाश एका सेकंदात ३,००,००० किलोमीटर जातो, म्हणून लखलखाट आपल्याला जणू तत्क्षणी दिसतो. ध्वनी मात्र एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणजे एक किलोमीटर कापण्यास त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना ३ ने भागा. १५ सेकंद झाले, तर वीज ५ किलोमीटरवर पडली. ३० सेकंद झाले, तर १० किलोमीटरवर.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. गडगडाट साधारणपणे १५ ते २० किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही. वारा उलटा असला, पाऊस जोराचा असला, किंवा जवळ पाण्याचा पंप चालू असला, तर तो त्याहूनही आधी विरून जातो. शिवाय एखादी वीज मूळ ढगापासून दहा किलोमीटर किंवा अधिक अंतरावर, कोरड्या जागीही पडू शकते. म्हणजे पहिला गडगडाट कानी आला, तेव्हा आपण बहुधा धोक्याच्या टापूत शिरलेले असतो. याहून आधी सूचना हवी असेल, तर ध्वनीपेक्षा दूर पोचणारी एखादी खूण पकडली पाहिजे.

रेडिओची खरखर

तुमच्या घरी जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, तर मिडियम वेव्हवर आकाशवाणीचे नागपूर केंद्र लावून बसलेल्या आजोबांना विचारून पहा. आभाळात वीज चमकली, की रेडिओत ‘खर्रर’ असा आवाज येतो. दूरवर वीज चमकताना दिसत नसली, तरी ही खरखर ऐकू येते. असे का होते?

विजेचा प्रवाह एकाएकी सुरू होतो आणि एकाएकी थांबतो. असा झपाट्याने बदलणारा प्रवाह आपल्याभोवती रेडिओ लहरी उत्पन्न करतो. आकाशवाणीचा मनोरा ज्या जातीच्या लहरी सोडतो, त्याच जातीच्या या लहरी, पण सुरावट नसलेल्या, वेड्यावाकड्या. रेडिओ त्यांनाही पकडतो आणि आपल्याला खरखर ऐकवितो. या लहरी शेकडो किलोमीटर दूर जातात आणि प्रकाशाच्याच वेगाने जातात.

गंमत अशी, की माणसाने रेडिओवरून गाणी ऐकण्याच्या पुष्कळ आधी रेडिओवरून वीज ऐकली. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५ साली एक उपकरण करून दाखविले. धातूचा कीस भरलेली काचेची नळी हा त्याचा मुख्य भाग होता. दूरच्या विजेच्या लहरी त्यावर आदळल्या, की किसातून प्रवाह वाहू लागे आणि घंटा वाजे. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी रेडिओ लहरींच्या साह्याने दूरची घंटा वाजवून दाखविली होती.

पोपोव्ह यांची घंटा एवढेच सांगे की ‘कोठेतरी वीज पडली.’ कोठे, ते सांगत नसे. शेतकऱ्याला तर नेमके तेच हवे असते!

घड्याळांचे जाळे

हे काम एका उपकरणाने होत नाही. त्यासाठी उपकरणांचे जाळे लागते. पुण्याच्या संस्थेने देशात ठिकठिकाणी विजेच्या रेडिओ लहरी पकडणारे ऐंशीहून अधिक संवेदक बसविले आहेत. संवेदक म्हणजे एक अ‍ॅन्टेना, एक गणकयंत्र आणि एक अतिशय अचूक घड्याळ, असे समजा. लहर आली, की तो तिचा आकार आणि येण्याची वेळ टिपतो व पुण्याच्या मुख्य गणकयंत्राकडे पाठवितो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक संवेदक नागपूरला आहे आणि दुसरा रायपूरला. साकोलीजवळ वीज पडली. सरळ रेषेत साकोलीहून नागपूर सुमारे ९० किलोमीटर आणि रायपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. म्हणून लहर आधी नागपूरला पोचेल आणि आणखी ८० किलोमीटर कापून नंतर रायपूरला. प्रकाशाच्या वेगाने ८० किलोमीटर जाण्यास किती वेळ लागेल? ८० भागिले ३,००,०००, म्हणजे ०.०००२६७ सेकंद, अर्थात २६७ मायक्रोसेकंद. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

आता हिशेब उलटा करा. वीज कोठे पडली हे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढेच, की रायपूरच्या घड्याळाने ती नागपूरच्या घड्याळापेक्षा २६७ मायक्रोसेकंद उशिरा टिपली. म्हणजे ती अशा एखाद्या जागी पडली, जेथून रायपूर हे नागपूरपेक्षा ८० किलोमीटर अधिक दूर आहे. अशा जागा एकच नसून अनेक असतात. त्या सर्व नकाशावर मांडल्या, तर एक वक्ररेषा तयार होते. गणितात तिला अपास्त म्हणतात. तिसऱ्या संवेदकाची वेळ मिळाली, की दुसरी वक्ररेषा काढता येते. दोन्ही रेषा जेथे छेदतात, तेथे वीज पडली! चौथा-पाचवा संवेदक असला, तर उत्तराचा ताळा पाहता येतो.

घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. मनगटावरचे घड्याळ दिवसाला एखादा सेकंद मागेपुढे होते; त्या घड्याळाने हिशेब केला, तर वीज चंद्राच्याही जवळपास जाऊन पडेल! म्हणून या सर्व संवेदकांची घड्याळे उपग्रहांतील अणुघड्याळांशी सतत जुळविलेली असतात. थोडक्यात, विजेची जागा शोधणारे हे जाळे म्हणजे मुख्यतः एकमेकांशी जुळलेल्या घड्याळांचे जाळे आहे.

फोनला आपली जागा कशी कळते?

वीज कोठे पडली ते पुण्याच्या गणकयंत्राला कळले. पण ती तुमच्यापासून किती दूर, हे सांगायचे तर तुम्ही कोठे आहात हेही कळले पाहिजे. हे काम तुमच्या फोनचे. आणि येथे एक मौज आहे. फोन आपली जागा शोधतो, तो याच हिशेबाने, पण उलट्या दिशेने.

जीपीएस या यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. आपल्या देशाच्या ‘नाविक’ या यंत्रणेचेही उपग्रह आहेत. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, ‘मी येथे आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत.’ जीपीएस उपग्रह अगदी डोक्यावर असला, तरी हा संदेश खाली येण्यास सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. दूरच्या उपग्रहाचा संदेश अधिक उशिरा येतो. निदान चार उपग्रहांच्या संदेशांतील वेळांचे फरक पाहून फोन आपली जागा काढतो. त्यासाठी फोन काहीही प्रक्षेपित करीत नाही. तो केवळ ऐकतो आणि गणित करतो.

विजेच्या बाबतीत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. उपग्रहांच्या बाबतीत बोलणारे अनेक आणि ऐकणारा एक. आणि लखलखाट व गडगडाट यांच्यामधील सेकंद मोजणारा शेतकरीही तेच करतो. तिन्ही ठिकाणी अंतर मोजले जाते ते घड्याळाने.

मिनिटांचा हिशेब

दामिनी अ‍ॅप उघडले, की नकाशावर आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे दिसतात. गेल्या ५, १० आणि १५ मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांच्या खुणांनी दाखविलेल्या असतात. काही मिनिटे लक्ष ठेवले, तर खुणा आपल्याकडे सरकत आहेत की दूर जात आहेत, हेही ओळखता येते.

या वर्तुळांचा अर्थ किलोमीटरमध्ये लावू नका, मिनिटांत लावा. समजा, वादळी ढग ताशी ४० किलोमीटर वेगाने साकोलीच्या दिशेने येत आहे. ४० किलोमीटरच्या वर्तुळावर तो असेल, तर आपल्या हाती एक तास आहे. २० किलोमीटरच्या वर्तुळावर असेल, तर अर्धा तास. हा अर्धा तास पुरेल का? ते तुमची बांधी गावापासून किती दूर आहे, यावर अवलंबून आहे. बांधी २ किलोमीटरवर असेल आणि माणूस ताशी ४ किलोमीटर चालत असेल, तर नुसते चालण्यालाच अर्धा तास लागेल. चिखलाच्या निसरड्या बांधावरून, सोबत म्हातारी माणसे असताना, हा वेगही राहणार नाही. त्यातून बैल सोडावयाचे, शिदोरी आवरावयाची, कोणी दूरच्या बांधीत असेल त्याला हाक मारावयाची. शिवाय वीज ढगाच्या कितीतरी पुढे पडू शकते, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून नियम असा करावा : गावाला लागून काम चालू असेल, तर २० किलोमीटरची खूण दिसताच निघावे. बांधी दूर असेल, तर ४० किलोमीटरची खूण दिसताच आवराआवर सुरू करावी. प्रत्येक घराने आपापला आकडा आधीच काढून ठेवावा. आभाळ भरून आल्यावर गणित करीत बसता येत नाही.

आणखी एक अडचण पहा. रोवणी करणाऱ्यांचे हात चिखलात असतात. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावरील डब्यांजवळ ठेवलेला असतो. त्याची वर्दी वाजली, तरी पावसात ऐकणार कोण? वर्दी माणसाच्या कानापर्यंत पोचली नाही, तर पुण्यापर्यंतचे सारे गणित वाया गेले! येथे तुमच्यासारखा विद्यार्थी मोठे काम करू शकतो. सुटीच्या दिवशी दुपारनंतर घरी असलेल्या एकाने दर दहा मिनिटांनी नकाशा पाहावा आणि धोका दिसताच शेतावर फोन करावा. शेतावरील फोन जो बांधावर थांबतो, जसे की पऱ्ह्यांच्या जुड्या पोचविणारा, त्याच्या खिशात असावा. ताट वाजविणे, शिटी फुंकणे अशी एखादी खूण सर्वांनी आधीच ठरवून ठेवावी.

कोणत्या प्रश्नाला कोणते अ‍ॅप?

हवामानाचे प्रश्न वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि एकाच अ‍ॅपला सगळे विचारून चालत नाही.

‘आत्ता घरी जावे का?’ हा मिनिटांचा प्रश्न. त्याला दामिनी.

‘आज दुपारी धान वाळत घालावे का?’ हा तासांचा प्रश्न. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचे, २०२० साली सुरू झालेले ‘मौसम’ हे अ‍ॅप आहे. त्यात पुढील काही तासांचे इशारे आणि रडारची चित्रे पाहता येतात. नागपूरलाही हवामान विभागाचे रडार आहे. रडार स्वतः लहरी सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परत आलेल्या लहरींची वेळ मोजते. म्हणजे पुन्हा घड्याळच!

‘या आठवड्यात खत द्यावे की थांबावे?’ हा दिवसांचा प्रश्न. त्यासाठी २०१९ साली सुरू झालेले ‘मेघदूत’ हे अ‍ॅप आहे. त्यात पुढील दिवसांचा हवामान अंदाज आणि त्यानुसार पिकांचा सल्ला दिलेला असतो. भंडारा जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र साकोलीलाच असल्यामुळे, सल्ल्यातील एखादी गोष्ट समजली नाही, तर तेथील तज्ज्ञांना समक्ष विचारण्याचीही सोय आहे. याखेरीज राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप पूर, उष्णतेची लाट, वीज अशा सर्व प्रकारच्या सरकारी इशाऱ्यांसाठी आहे.

फोनवर किती विसंबावे?

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. फोन निरोप्या आहे हे एकदा समजले, की निरोप कोठे कोठे अडू शकतो, हे ओळखणे सोपे आहे.

फोनला रेंज नसेल किंवा इंटरनेट बंद असेल, तर निरोप येणारच नाही. जंगलाच्या कडेच्या बांध्यांत हे ध्यानात ठेवावे. जागा दाखविण्याची सोय बंद केलेली असेल, तर पुण्याहून निरोप निघाला तरी तो तुमच्यासाठी आहे हे फोनला कळणार नाही. बॅटरी वाचविण्यासाठी काही फोन मागे चालू असलेली अ‍ॅप झोपवून टाकतात. मग वर्दी उशिरा मिळते. म्हणून पावसाळ्यात दामिनीपुरती ही बंधने काढून टाकावीत.

सर्वांत महत्त्वाचे असे, की संवेदकांचे जाळे पडलेली वीज टिपते. न पडलेली वीज त्याला ऐकू येत नाही. ढग दुरून सरकत आला, तर त्याने वाटेत पाडलेल्या विजांवरून आपल्याला सूचना मिळते. पण उकाड्याच्या दिवशी तुमच्याच डोक्यावर ढग उभा राहिला, तर त्याची पहिली वीज कोणत्याही वर्दीवाचून पडू शकते. यास्तव नकाशा कोरा दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नये. काळाभोर, फुलकोबीसारखा वर चढत गेलेला ढग दिसला किंवा गडगडाट ऐकू आला, तर फोन काहीही सांगो, निघावे. फोन ‘जा’ म्हणाला तर ऐकावे. पण तो गप्प आहे याचा अर्थ ‘थांबा’ असा करू नये.

फोनमुळे वीज पडते का?

खेड्यांत असा समज आढळतो, की मोबाइल फोन जवळ असला म्हणजे वीज ओढली जाते. त्यामुळे आभाळ गडगडू लागताच अनेकजण फोन बंद करून टाकतात. हा समज चुकीचा आहे. वीज कोठे पडेल हे मुख्यतः उंची, आकार आणि उघडेपणा यांवरून ठरते. फोनमधील चिमूटभर धातूने किंवा त्याच्या दुर्बळ लहरींनी विजेची वाट बदलत नाही. उलट, फोन बंद केला की वर्दी मिळण्याचा मार्गच बंद होतो.

मात्र या समजामागे एक खरी गोष्ट आहे. तारेने जोडलेल्या दूरध्वनीवर वादळात बोलणे खरोखरच धोक्याचे असते, कारण बाहेर पडलेल्या विजेचा प्रवाह तारेतून घरात येऊ शकतो. भिंतीतील खटक्याला जोडून चार्ज होत असलेला मोबाइल हाही तारेने जोडलेलाच फोन झाला! म्हणून वादळ येण्यापूर्वी फोन चार्ज करून घ्यावा, चार्जर, टीव्ही, फ्रिज यांचे प्लग काढून ठेवावे, आणि वादळ डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावू नये.

वर्दी मिळाल्यानंतर

पक्के घर, शाळा, किंवा काचा बंद केलेली, पत्र्याचे छत असलेली मोटारगाडी या जागा सुरक्षित होत. मोटारीत आपण वाचतो ते रबरी चाकांमुळे, असे पुष्कळांना वाटते. खरे कारण वेगळे आहे. विजेचा प्रवाह गाडीच्या धातूच्या बाहेरील कवचातून वाहत जमिनीत जातो आणि आतील माणसे वाचतात. उघडा ट्रॅक्टर, दुचाकी, शेतातील मांडव, गवताची झोपडी यांना असे कवच नसते.

झाडाखाली कधीही थांबू नये. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना जवळच्या माणसाकडे उडी घेते. शिवाय झाडाच्या बुंध्यापासून प्रवाह जमिनीतून चोहीकडे पसरतो. जमिनीवरील दोन बिंदूंमध्ये त्या वेळी विजेचा दाब कमीअधिक असतो. पाय फाकलेले असले, तर एका पायातून प्रवाह चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. गाईबैलांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असते आणि प्रवाहाची वाट हृदयावरून जाते. म्हणूनच झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच विजेने कळपाने मरतात. छपराखाली पोचणे अगदीच शक्य नसेल, तर पाण्यातून बाहेर यावे, झाडे व तारांपासून दूर जावे, एकमेकांत अंतर ठेवावे, आणि दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसावे. हा शेवटचा उपाय होय. याने धोका कमी होतो, टळत नाही.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटे होईपर्यंत पुन्हा बांधीत उतरू नये.

कोणावर वीज पडलीच, तर त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्यास मुळीच भिऊ नये. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. श्वास बंद पडला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहावे. विजेने पडलेली अनेक माणसे अशा तातडीच्या मदतीने वाचतात. ही कृती शाळेत जाणकाराकडून शिकून घ्यावी.

करून पहा

१. टाळीने ध्वनीचा वेग मोजा. जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचे एक विनामूल्य अ‍ॅप तयार केले. फोनमधील संवेदक वापरून त्यात अनेक प्रयोग करता येतात. त्यातील आवाजावर चालणारे घड्याळ दोन फोनांत उघडा. हे घड्याळ पहिल्या आवाजाने सुरू होते आणि दुसऱ्या आवाजाने थांबते. शाळेच्या शांत पटांगणात दोन फोन बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. प्रत्येक फोनजवळ एक विद्यार्थी उभा राहील. पहिल्याने टाळी वाजवावी, एकदोन सेकंदांनी दुसऱ्याने वाजवावी. दोन्ही फोनांवरील वेळ सारखी येणार नाही! पहिल्या फोनजवळची टाळी दुसऱ्या फोनला उशिरा ऐकू येते, म्हणून त्याचे घड्याळ उशिरा सुरू होते. दुसरी टाळी पहिल्या फोनला उशिरा ऐकू येते, म्हणून त्याचे घड्याळ उशिरा थांबते. दोन वेळांतील फरक हा ध्वनीला १० मीटर जाण्यास लागणारा वेळ होय. १० ला या फरकाने भागले, की ध्वनीचा वेग मिळेल. हवा ३० अंश सेल्सिअस असेल, तर फरक सुमारे ०.०२९ सेकंद यावा. दहा वेळा करून सरासरी काढा. तिसरा फोन घेऊन, टाळी कोठे वाजली हे वेळांच्या फरकावरून शोधता येईल का, याचा विचार करा. तसे साधले, तर तुम्ही विजेचे जाळे लहान प्रमाणावर तयार केले असे म्हणता येईल.

२. रेडिओवर वीज ऐका. ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावा आणि दोन केंद्रांमधील मोकळ्या जागी काटा ठेवा. दूर कोठे वीज चमकत असताना, आपण घरात बसून खरखर मोजा. त्याच वेळी दामिनीच्या नकाशावर किती खुणा उमटतात, ते पहा. दोन्ही आकडे जुळतात का? जुळत नसतील, तर का नसावेत?

३. आपल्या घराचा आकडा काढा. एखाद्या कोरड्या दिवशी आपल्या बांधीपासून सर्वांत जवळच्या पक्क्या छपरापर्यंत चालत जा आणि मिनिटे मोजा. त्यात आवराआवरीची १० मिनिटे मिळवा. बेरीज ३० पेक्षा अधिक आली, तर तुमच्या घराने ४० किलोमीटरचे वर्तुळ धरावे. हा आकडा घरातील सर्वांना सांगा आणि फोन ठेवण्याच्या जागेजवळ भिंतीवर लिहून ठेवा. वर्गातील सर्वांचे आकडे गोळा केले, तर कोणत्या शिवारात निवाऱ्याची पक्की खोली सर्वांत आधी हवी, हेही गावाला दाखवून देता येईल.